लाहोरी दरवाजा, एकास शंभर : यंदाच्या दिवाळी किल्ल्याच्या नोंदी

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सोसायटीतलं झेंडावंदन, जिलबी आणि न संपणारी दोन भाषणं उरकून वर आले, तर टीव्हीवर दिल्लीचं भाषण चालू होतं. ओवी (इयत्ता सहावी, आमच्या किल्ला मंडळाची स्वयंघोषित सरसेनापती) सोफ्यावर ठाण मांडून बसली होती. तिने विचारलं, "काकू, हे नेमके उभे कुठे आहेत?"

"लाल किल्ल्यावर."

"ते दिसतंय. पण किल्ल्यावर म्हणजे कुठे? भिंतीवर, बुरुजावर, दरवाज्यावर?"

मी ठोकून दिलं, लाहोरी दरवाज्यावर. तिने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दरवाजा तर त्यांच्या मागे दिसतोय."

उत्तर सुचेना, म्हणून मी यंदाच्या किल्ल्याचा विषय काढला. आजवर राजगड झाला, सिंधुदुर्ग झाला, जंजिऱ्याला पाणी गळून पार्किंगमध्ये तळं झालं, प्रतापगड तर दोनदा झाला. ओवी म्हणाली, मग हाच करू, लाल किल्ला. मी हो म्हणून बसले. इथूनच ही वही सुरू.

२४ ऑगस्ट, रविवार

हिशेब. जागा तीच, बी विंगच्या जिन्याखालची, प्लायचा एक पूर्ण शीट बसेल एवढी: आठ फूट बाय चार.

लाल किल्ल्याच्या तटाचा घेर २.४१ किलोमीटर. एकास शंभर धरलं तरी चोवीस मीटर तट! म्हणजे दोन्ही विंगांना वेढा घालावा लागेल. माप लहान केलं तर मावळे तटापेक्षा उंच होतात, आणि कुंभारवाड्यातले मावळे काही आपल्या मापाने मिळत नाहीत. म्हणून अख्खा किल्ला रद्द, फक्त पश्चिमेचा लाहोरी दरवाजा आणि त्याच्या मागची सरळ वाट करायची. शहराच्या बाजूने तटाची उंची ३३ मीटर धरतात, नदीच्या बाजूने १८. आपल्याकडे शहराची बाजू, म्हणजे ३३ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचा तट थोडा थोडा दाखवून कापून टाकायचा. दरवाज्यामागचा छत्ता चौक, म्हणजे छप्पर घातलेला बाजार, साधारण ७० मीटर, म्हणजे ७० सेंटिमीटर. त्यापुढे नौबतखाना आणि पार टोकाला दिवाण-ए-आम, म्हणजे बादशहाचा आम दरबार, तिथली अंतरं आखडून घेऊ. शीटच्या लांबीत बसतं सगळं.

एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. मुलांना हे लगेच कळलं, त्यांच्या आयांना समजावताना वेळ गेला.

परवा हरतालिका. आता गणपती होईपर्यंत काही होणार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जनाच्या ढोलांनी कान अजून बधिर आहेत. घरात बसून ड्रॉइंग काढलं.

पोटापाण्यासाठी मी भोसरीत एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढते. त्यामुळे समोरचं दर्शन कॉम्प्युटरवर काढायला घेतलं आणि गंमत झाली. मधली उंच कमान, तिच्या एका बाजूचा अर्धअष्टकोनी बुरुज, तीन मजल्यांवरचे कोनाडे (काही चौकोनी, काही उभट, काही महिरपी), बुरुजाच्या डोक्यावरची अष्टकोनी छत्री. एवढं काढलं, मधोमध रेघ धरून आरसा मारला, काम झालं. अर्धा दरवाजा काढला की पूर्ण दरवाजा मिळतो.

गेल्या वर्षी रायगडचा महादरवाजा करायचा घाट घातला होता, तो आठवला. तिथे आरसा चालतच नाही. दोन बुरुज आहेत, पण एक पुढे, एक मागे. वाट त्यांच्या बगलेतून वळत जाते आणि अगदी जवळ पोचेपर्यंत दरवाजा दिसत नाही. डोंगर जसा सांगेल तसा तो बांधला आहे. यालाच गोमुखी बांधणी म्हणतात. शत्रूला शोधायला लावायचं, सापडला की चिंचोळ्या जागेत वरून झोडपायचं.

हा दिल्लीचा दरवाजा मात्र दिसण्यासाठीच उभा आहे. सपाट जमीन, समोर शहर, पैसा हवा तेवढा. १६३९ मध्ये काम सुरू झालं, १६४८ मध्ये शाहजहान राहायला आला. उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद हे मुख्य उस्ताद; देखरेख आधी गैरत खानाकडे, मग अलाहवर्दी खानाकडे, शेवटी मकरमत खानाकडे. खर्च कोटभर रुपये. त्या काळचा एक कोट! अशा जागी आरशातला दरवाजा परवडतो.

दक्षिणेचा दिल्ली दरवाजा हा याचाच जुळा भाऊ. एक ड्रॉइंग, दोन दरवाजे. आमच्या कारखान्यात याला शहाणपणा म्हणतात.

१५ सप्टेंबर, सोमवार, दिल्ली

कंपनीच्या कामाने दोन दिवस दिल्ली. दुपारी मोकळी झाले, मेट्रोने लाल किल्ला गाठला. फाटकाशी गेले तर बंद! सोमवारी लाल किल्ला बंद असतो, हे पुण्यात बसून ड्रॉइंग काढणाऱ्या बाईला कोणी सांगायला हवं होतं.

मग चिडून बाहेरूनच बघितला. समोर लाल जैन मंदिर, तिथून चांदणी चौक सुरू होतो. रस्त्याच्या तोंडाशी उभी राहून किल्ल्याकडे बघितलं. लाहोरी दरवाजा दिसतो, पण वरचा भाग तेवढा: दोन बुरुजांच्या छत्र्या आणि मधली पांढऱ्या घुमट्यांची ओळ. खालची कमान, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती दिसतच नाही. पुढे एक आडवी जाड भिंत आहे, तिने कमान गिळली आहे. ती भिंत माझ्या ड्रॉइंगमध्ये नाही. मी एका जुन्या चित्रावरून समोरचं दर्शन काढलं होतं आणि चित्रकाराने भिंत सोयीने गाळली होती.

भुयारी मेट्रोच्या गर्दीत उभ्या उभ्या वहीत लिहिलं: भिंत राहिली.

१६ सप्टेंबर, मंगळवार, दिल्ली

सकाळी पहिल्या रांगेत. आज जे पायांनी कळलं ते फोटोंतून कळलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ती आडवी भिंत म्हणजे दरवाज्यापुढे बांधलेला वेढा. त्याचं स्वतःचं दार उत्तरेला आहे. त्या दारातून आत शिरलं की आपण दक्षिणेकडे तोंड करून एका बंदिस्त आवारात असतो, आणि खरा लाहोरी दरवाजा डाव्या हाताला काटकोनात असतो. म्हणजे सरळ आत जाताच येत नाही, वळावं लागतं. मला तर रायगडच आठवला.

हा वेढा शाहजहानचा नाही, औरंगजेबाने नंतर घातला. संरक्षणासाठी म्हणून ते बरोबरच आहे. उघड्या कमानीसमोर तोफ आणून उभी केली तर काय करणार? पण बाप तेव्हा आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता आणि त्याने तिथून लेकाला कळवलं असं सांगतात, की किल्ला म्हणजे नवरी होती, तू तिच्या तोंडावर घुंगट ओढलास. दिल्लीत अजून या भिंतीला घुंगट म्हणतात. हा निरोप खरोखर गेला की लोकांनी रचला, कोण जाणे. पण आज कमानीखाली उभी राहून मागे वळून बघितलं तेव्हा तक्रार कळली. समोर चांदणी चौक दिसायला हवा होता, दिसतात ते भिंतीचे दगड.

कारण हे सगळं एका रेषेत आखलेलं आहे. दिवाण-ए-आमच्या मागच्या भिंतीत संगमरवरी सिंहासनाची जागा. तिच्यासमोर नौबतखान्याची मधली कमान. तिच्यासमोर छत्ता चौक, त्याच्यासमोर लाहोरी दरवाजा, त्याच्यापुढे शाहजहानच्या लेकीने, जहाँआराने, आखलेला चांदणी चौक, ज्याच्या मधोमध तेव्हा कालवा वाहत होता, आणि पार पश्चिमेच्या टोकाला १६५० मध्ये बांधलेली फतेहपुरी मशीद. बसल्या जागेपासून शहराच्या टोकापर्यंत एक दोरी ताणली आहे. लाहोरी दरवाजा हे त्या दोरीतलं भोक. आणि घुंगट म्हणजे त्या भोकात घातलेला बोळा!

छत्ता चौकात माझी शंभराच्या आसपास पावलं झाली. वर कमानदार छत, दोन्ही बाजूंना बत्तीस-बत्तीस कमानींचे दुमजली गाळे, मधे एक अष्टकोनी उघडा चौक, तिथून उजेड आणि वारा. छप्पर घातलेला बाजार ही हिंदुस्थानात तेव्हा नवलाईच होती. शाहजहानने १६४६ मध्ये पेशावरला असा बाजार बघितला, आवडला, आणि आराखडा इकडे मकरमत खानाकडे धाडला. आता तिथे पितळी हत्ती, खड्यांच्या माळा आणि फ्रिजवर चिकटवायचे लाल किल्ले मिळतात. एक घेतला. त्याच्यावरही घुंगट नाही.

पुढे नौबतखाना. दिवसातून पाच वेळा नौबत झडायची, आणि इथपर्यंत आलं की राजघराण्यातले सोडून बाकी सगळ्यांनी हत्तीवरून, घोड्यावरून उतरायचं. नौबतखान्याभोवती चौक होता, भिंती होत्या, हौद होता. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातलं बहुतेक सगळं पाडलं, बराकी उभ्या केल्या. आज मधे हिरवळ आहे आणि या इमारती एकमेकींपासून तुटून, पाहुण्या आल्यासारख्या उभ्या आहेत. दोरी मनातच धरावी लागते.

विमानात ठरवलं. आपला घुंगट काढता-घालता येणारा करायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

मंडळाची सभा, उपस्थिती सात, पैकी दोघं फक्त वेफर्ससाठी.

घुंगटाची कल्पना मांडली. शर्विल (तिसरी) म्हणाला, बिजागरी लावू. अर्णव म्हणाला, लोहचुंबक. मी माझी विद्या पाजळली: ड्रॉवरला असते तशी चॅनेल. वेढ्याचा अख्खा तुकडा प्लायच्या पट्टीवर उभा करायचा, पट्टी चॅनेलवर, दक्षिणेकडे ओढली की घुंगट बाजूला, १६४८. ढकलली की औरंगजेब. ठराव मंजूर.

ओवीला हत्ती हवे होते दारापाशी. सांगितलं, दगडी हत्ती दिल्ली दरवाज्याला, आपल्या नाही. मूळचे औरंगजेबानेच फोडले, आता आहेत ते १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनने बसवले. ती हिरमुसली.

मग अर्णवने बाँब टाकला: "इथूनच ना महाराज पेटाऱ्यातून निसटले? मी पेटारे करतो."

नाही रे बाबा. ते आग्रा. १२ मे १६६६ रोजी दरबार भरला तो आग्र्याच्या किल्ल्यात, आणि सुटका झाली ती किल्ल्यातून नाहीच. महाराज किल्ल्याबाहेर, शहरातल्या डेऱ्यात नजरकैदेत होते. १७ ऑगस्टला निसटले ते तिथून. किल्ल्याच्या दरवाज्यातून पेटारे निघताहेत असे देखावे दर दिवाळीला दोन-तीन तरी दिसतात, त्यात आपला नको. अर्णव म्हणाला, मग पेटाऱ्यांचं काय करू, चार झालेत. छत्ता चौकातल्या दुकानात ठेव म्हटलं, मिठाईचे म्हणून.

२८ सप्टेंबर, रविवार

मुलांना शनिवारवाड्यावर नेलं. दिल्ली दरवाजा दाखवायला.

पहिला प्रश्न अपेक्षितच: पुण्यात दिल्ली दरवाजा कसा? दरवाज्याचं तोंड जिकडे, जी वाट पुढे जिथे जाते, त्याचं नाव. आपला उत्तरेला दिल्लीकडे बघतो. दिल्लीतला पश्चिमेला लाहोरकडे बघतो, म्हणून लाहोरी. दिल्लीतला दिल्ली दरवाजा मग कुठे बघतो? दक्षिणेला, जुन्या दिल्लीच्या वस्त्यांकडे.

दारावरचे अणकुचीदार खिळे मुलांनी मोजायला घेतले आणि भांडण झालं. ते हत्तीने डोकं लावू नये म्हणून. मोठ्या दाराच्या पोटातली दिंडी दाखवली: रोजची ये-जा त्या लहान दारातून, एकेक माणूस, मान वाकवून. आत शिरलं की समोर भिंत आणि वाट वळते, हे अर्णवने स्वतःहून टिपलं. "काकू, घुंगट आतल्या बाजूला आहे!" शाबास. वाडा १७३२ मध्ये राहता झाला, म्हणजे औरंगजेबाच्या मागून. तोवर सरळ दार ठेवण्याचे दिवस सरले होते.

नगारखाना इथे दाराच्या डोक्यावरच आहे. दिल्लीत तो आत सरकवून वेगळी इमारत केली. जागा असली की माणूस पसरतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

कटरची, पट्टीची आणि फेव्हिकॉलच्या डब्याची पूजा. कामाला सुरुवात.

तटाला सनबोर्ड, त्यावर शाडूचा पातळ थर, वर गेरू. लाल दगडाला गेरूसारखा रंग नाही, डबे आणून मिसळत बसायला नको. बुरुजांच्या छत्र्यांना टेबल टेनिसचे चेंडू अर्धे कापून. चाळीस मिलिमीटरचा चेंडू म्हणजे चार मीटरचा घुमट, दिसायला बरोबर वाटतो. मधल्या ओळीच्या घुमट्यांना पांढरे मणी. चर्यांना (तटाच्या माथ्यावरच्या दात्यांना) पुठ्ठा, वरून ज्योतीसारख्या निमुळत्या, एकेक कापायच्या. हे काम वेफर्सवाल्या दोघांना दिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

नाना आले. बी विंग, तिसरा मजला, निवृत्त, वाचन दांडगं, आवाज त्याहून.

"अगं, मोगलांचा किल्ला? दिवाळीत? पोरांना हेच दाखवणार?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. म्हटलं, "नाना, १० फेब्रुवारी १७७१."

नाना थबकले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. त्या दिवशी हा किल्ला मराठ्यांनी घेतला, आणि पुढच्या जानेवारीत, ६ तारखेला, परागंदा असलेला मोगल बादशहा शाह आलम महादजींच्या जोरावर दिल्लीत परत आला. पानिपताला तेव्हा दहाच वर्षं झाली होती.

झालं, नानांनी स्टूल ओढलं. दीड तास. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीत होते आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, इथून सुरुवात. मग १७६०, भाऊसाहेब. विठ्ठल शिवदेवांची माणसं असद बुरुजावरून दोर लावून आत चढली आणि लुटीत रमली. आतून दरवाजा उघडून बाहेरच्यांना घ्यायचं तेच राहून गेलं, आणि मूठभर बंदुकवाल्यांनी त्यांना हुसकून लावलं. "एवढा मोठा दरवाजा," नाना म्हणाले, "आणि आतल्या माणसाला अडसर काढायचं सुचलं नाही!" मग इब्राहिमखान गारद्याच्या तोफा नदीच्या बाजूने लागल्या आणि ऑगस्टात किल्ला हाती आला. पैसे संपले तेव्हा भाऊंनी दिवाण-ए-खासचं, म्हणजे खास दरबाराच्या महालाचं, चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, नऊ लाखांची. हे सांगताना नानांचा आवाज जरा खाली आला.

मग १७८८. रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याच महालात शाह आलमचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने ऑक्टोबरात किल्ला परत घेतला, आणि तिथपासून १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रज येईपर्यंत किल्ल्यावर शिंद्यांचाच अंमल.

"तर मावळे तटावर उभे करायला हरकत नाही," नानांनी निकाल दिला. पाठोपाठ दुरुस्ती: "मावळे म्हणू नका पण. महादजींचे शिपाई म्हणा."

मावळे तेच, पाटी नवी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

घुमट्यांच्या ओळीत काहीतरी खटकत होतं. सगळं मापात, तरी दरवाजा चकणा दिसतोय. अर्धा तास बघत बसले. मग मोजलं: सहा मणी. मुलांकडे सहाच होते, त्यांनी सहा समान अंतरावर लावले.

मूळ ओळीत सात आहेत. सात असल्या की मधली बरोबर कमानीच्या टोकावर येते, वरून खाली एकच उभी रेघ जाते: घुमटी, कमानीचं टोक, दाराची फट, मागे छत्ता, मागे सिंहासन. सहा झाल्या की मध्यावर रिकामी जागा येते आणि नजर तिथून निसटते. इतकी वर्षं ड्रॉइंग काढते, पण विषम आकड्याचं हे काम एवढं उघडं कधी दिसलं नव्हतं.

सातवा मणी माझ्या जुन्या माळेतून.

११ ऑक्टोबर, शनिवार

रात्री पाऊस. जिन्याखाली पाणी येत नाही असं आम्ही समजून होतो. पन्हाळ फुटली, थेट दक्षिणेच्या बुरुजावर धार. गेरू वाहून पांढऱ्या घुमट्या गुलाबी, एका स्कूटरची सीट कावेने माखलेली, आणि खंदकात, हो, पहिल्यांदाच खंदकात पाणी. खरा खंदक यमुनेच्या पाण्याने भरायचा, आमचा महानगरपालिकेच्या पाण्याने पुसायचा विचार होता.

सकाळी सगळ्यांनी मिळून पुसलं. गेरूत फेव्हिकॉल कालवून दुसरा हात दिला. आता रंग थोडा गडद आणि जरा चमकतो, पण उतरत नाही. स्कूटरवाल्यांना फराळाचा डबा कबूल केला आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

दरवाज्यावरच्या खोल्या. बाहेरून कोनाडे वाटतात त्यांतल्या काही खिडक्या आहेत आणि मागे राहायची जागा आहे. शर्विलने विचारलं, "इथे कोण राहायचं? राजा?"

राजा नाही. शेवटी शेवटी, बहादूरशाह जफरच्या काळात, इथे इंग्रज राहत होता: कॅप्टन डग्लस, बादशहाच्या पहाऱ्याचा प्रमुख. बादशहा आत, आणि त्याच्या दाराच्या डोक्यावर कंपनीचा माणूस. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याच्या पायाखालून. ११ मे १८५७ ला मीरतेचे शिपाई दिल्लीत शिरले, त्या दिवशी डग्लस याच खोल्यांत मारला गेला. कमिशनर सायमन फ्रेझर खाली जिन्याशी.

शर्विलने ऐकून घेतलं आणि खिडकीत एक मावळा ठेवला. "आता हा राहतो."

खंदकावरच्या पुलाचा प्रश्न राहिला होता. पूर्वी लाकडी, उचलायचा. १८११ मध्ये त्या जागी दगडी पूल झाला. उचलता येणारा पूल मुलांना अर्थातच हवा. पण मग आमचा दरवाजा १६४८ चा, पूल १८११ च्या आधीचा, शिपाई १७७१ चे आणि खिडकीतला मावळा कुठलाच नाही. चालतंय. रीळ आणि दोरा लावला, पूल उचलतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

किल्ला उघडला. खंदकाच्या काठाला पेरलेले अळीव वीतभर वर आलेत, लाहोरी दरवाजा शेतात उभा असल्यासारखा दिसतो. मुलांनी पाट्या रंगवल्या: 'छत्ता चौक', 'नौबतखाना (इथे उतरा)', 'महादजींचे शिपाई'. शर्विलने कागदी तिरंगा आणलाय, टीव्हीत दिसतो तिथेच तो लावणार म्हणाला. लाव म्हटलं. पाटीही त्यानेच केली, 'लाहोरी दरवाजा: इथून भाषण होतं', आणि बाण कमानीवर. ऑगस्टात मी सांगितलं होतं तेच.

चॅनेलला तेल दिलं. घुंगट सरकतो, थोडा कुरकुरतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

जिची सगळ्यांत जास्त वाट बघत होते ती चाचणी. दिवाण-ए-आमच्या कोनाड्यात पणती लावायची मुलांची फार इच्छा, पण सनबोर्ड पेटायला एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी. पार्किंगचे दिवे बंद केले.

घुंगट बाजूला. कोनाड्यातला उजेड नौबतखान्याच्या कमानीतून निघाला, छत्त्याच्या बोगद्यातून धावला, लाहोरी दरवाज्यातून बाहेर पडला आणि समोर उभ्या असलेल्या नानांच्या धोतरावर एक छोटी उजळ कमान उमटली. आकार तोच, टोक तेच. सगळे गप्प झाले. नाना खाली बघत मुलांसारखे हसले.

मग ओवीने पट्टी ढकलली. कुर्रर्र. धोतरावरची कमान गेली. उजेड घुंगटाच्या आतल्या बाजूला आपटून तिथेच सांडला. बाहेर अंधार, फक्त वर पांढऱ्या घुमट्यांची ओळ अंधुक. मी सोमवारी रस्त्यावरून पाहिली होती, तशीच.

"परत, परत," सगळे ओरडले. नाना जागचे हलले नाहीत. पंधरा वेळा तरी झालं असेल. पंधराव्या वेळी चॅनेलमधली गोळी सुटली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

चॅनेल दुरुस्त. पाहुण्यांची रीघ. ओवी समजावून सांगते, शर्विल पट्टी सरकवतो, अर्णव पेटाऱ्यांचा खुलासा करतो (त्याचा त्याला कंटाळा आलाय, पण प्रत्येक जण विचारतो).

संध्याकाळी ओवीच्या मामाला दाखवत होते. "हा १६४८," ओवी म्हणाली, शर्विलने घुंगट ओढला, आणि ती मधेच थांबली. कमानीपुढे आली, खाली वाकली, वर बघितलं.

"काकू, झेंडा गेला."

झेंडा कुठे जाईल? पण खरंच, दरवाज्यावर नव्हता. शर्विलने तो टीव्हीत दिसतो तिथे लावला होता, म्हणजे पुढच्या भिंतीवर, आणि पुढची भिंत चॅनेलवर बसून दोन वीत दक्षिणेला गेली होती, तिरंग्यासकट. मी त्या भिंतीखाली उभी राहून आले, तिचं माप काढलं, तिला चॅनेल लावली, आणि पाटीवरचा बाण आठवडाभर मागच्या कमानीवर तसाच ठेवला.

"म्हणजे ते घुंगटावर उभे असतात," ओवी म्हणाली. "औरंगजेबाच्या भिंतीवर. मी तेव्हाच म्हटलं होतं, दरवाजा मागे दिसतोय."

म्हटली होती खरी. नाना म्हणाले, "आणि नेहरूंनी १६ ऑगस्ट १९४७ ला किल्ल्यावर झेंडा चढवला, तोही मग..." आणि पुढे काही न बोलता भिंत पुढे-मागे सरकवत बसले. झेंडा यायचा, जायचा.

शर्विलने पाटी पुसून बाण नव्याने काढला, चार बोटं पुढे. आता भिंत सरकवली की बाण काही नसलेल्या जागेकडे बोट दाखवतो, म्हणून त्याने पाटीही भिंतीलाच चिकटवली.

फराळाचा डबा स्कूटरवाल्यांकडे पोचला. अळीव उद्या कापायचे.